छत्तीस हजारांतले माझे किती

"अगं, पण त्याच्या पैशांवर कर तू का भरायचास?"

२०१८ च्या नोव्हेंबरात आईने डोंबिवलीहून फोनवर विचारलं, तेव्हा मी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात ओट्याशी उभी राहून डब्यात पोहे भरत होते. त्याआधी दोन मिनिटं आई खूश होती. महिन्याला तीन हजार डॉलर पोटगी मिळायची बोलणी चालली आहेत म्हटल्यावर तिने लगेच गुणाकार केला होता. "म्हणजे दोन लाखांच्या वर!" घटस्फोटाचा विषय निघाल्यापासून तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला होता. मग मी म्हटलं, त्यातले वर्षाला पाचेक हजार डॉलर करात जातील. त्यावर हा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. खरं तर तोवर मीही तेच विचारत होते.

आमचं लग्न २००२ चं. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आले, सात वर्षं घरी होते, मग मुलगी शाळेत गेल्यावर एका लॅबमध्ये नोकरीला लागले. २०१८ साली माझा पगार होता वर्षाला ४२,००० डॉलर, त्याचा १,५०,०००. मुलगी तेरा वर्षांची. ग्रीन कार्ड हातात होतं, त्यामुळे निदान व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर नव्हती. का मोडलं, हे इथे लिहीत नाही. ते लिहायला लागले तर पैशांचं राहूनच जाईल.

मे महिन्यात अर्ज दाखल केला. फी ३०० डॉलर, मूल असेल तर वर २५, ते पालकांसाठीच्या सक्तीच्या कार्यशाळेचे. न्यू जर्सीत कुणावर आरोप न करताही घटस्फोट मागता येतो, सहा महिने पटत नाही एवढं पुरतं. खरा त्रास पुढच्या कागदाचा. 'केस इन्फर्मेशन स्टेटमेंट' नावाचं एक बाड भरून द्यावं लागतं. उत्पन्न, कर्ज, मालमत्ता, आणि घराचा, गाडीचा, स्वतःचा महिन्याचा खर्च तीन वेगवेगळ्या तक्त्यांत. केस कापायला किती, औषधांना किती, कपड्यांना किती. सोळा वर्षं मी घरखर्चाची वही ठेवली होती, तरी 'करमणूक' या रकान्यापुढे पेन अडलं. ठाण्याचा फ्लॅट, तिथल्या बँकेतल्या ठेवी, हेही सगळं लिहायचं. भारतातलं कोण बघतंय, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. माझ्या वकीलबाईंनी डोळे वटारले. परदेशातल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम असेल तर दरवर्षी सरकारला कळवावंच लागतं, आणि ते आम्ही कळवत आलो होतो.

ऑक्टोबरपासून त्याच्या वकिलाचं एकच टुमणं सुरू झालं. ३१ डिसेंबरच्या आत उरका. मला संशय आला. सोळा वर्षांत ज्याला वाण्याचं बिलही वेळेत भरायची घाई नव्हती, त्याला अचानक ही घाई? म्हणजे यात त्याचं काहीतरी साधत असणार, म्हणजेच माझं काहीतरी जात असणार. मी वकीलबाईंना म्हटलं, आपण जानेवारीपर्यंत लांबवू या.

त्यांनी पिवळं पॅड पुढे ओढलं. त्या अर्ध्या तासाचे मी जवळजवळ तीनशे डॉलर मोजले, आणि अख्ख्या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच.

गोष्ट अशी होती. १९४२ पासून अमेरिकेत नियम होता की, अ‍ॅलिमनी, म्हणजे पोटगी, देणाऱ्याने ती आपल्या उत्पन्नातून वजा करायची आणि घेणाऱ्याने ती आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर भरायचा. युद्धाच्या काळात कराचे दर इतके चढले होते की, पोटगी आणि कर दोन्ही भरून काही नवऱ्यांच्या हातात काही उरेना, म्हणून ही सोय झाली. ती पंचाहत्तर वर्षं टिकली. मग २२ डिसेंबर २०१७ ला ट्रम्प यांनी नव्या करकायद्यावर सही केली आणि त्यात ही सोय गेली. ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या करारांत देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला कर नाही. त्याआधीच्या करारांना जुनाच नियम. म्हणूनच त्या वर्षी सगळ्या कौटुंबिक वकिलांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एकाच तारखेला लाल गोल होता.

"मग माझ्यासाठी नवाच नियम बरा की," मी म्हटलं. "कर नाही."

"आकडा तोच राहिला तर बरा. तो राहणार नाही."

आमच्याकडच्या वकिलांच्या तोंडी एक ढोबळ हिशोब असतो. न्यायाधीश असलं सूत्र मानत नाहीत, पण वाटाघाटी तिथूनच सुरू होतात. जुन्या नियमात दोघांच्या पगारांतल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा. आमच्यातला फरक १,०८,००० चा, तिसरा हिस्सा ३६,०००, म्हणजे महिन्याला तीन हजार. नव्या नियमात तेच चौथ्या हिश्शावर येतं, कधी त्याहूनही खाली. २७,०००. महिन्याला २,२५०.

मग त्यांनी पानाच्या मध्यावर उभी रेघ ओढली. त्याची वरची मिळकत कराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात होती. ३६,००० वजा झाले की त्याचे ८,६४० डॉलर वाचतात, म्हणजे देताना ३६,००० दिसले तरी त्याच्या खिशातून जातात २७,३६०. माझ्याकडे मात्र मुलगी राहणार, म्हणून मी 'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे मूल सांभाळणाऱ्या एकट्या पालकाचा, कमी कराचा वर्ग. माझ्या पगाराच्या वर ते ३६,००० चढले तरी बराचसा भाग १२ टक्क्यांत बसतो, थोडा २२ मध्ये. कर ५,१४०. हातात ३०,८६०.

म्हणजे तो २७,३६० देतो आणि मला ३०,८६० मिळतात. हे साडेतीन हजार कुठून आले? सरकारने सोडले. नव्या नियमात सरकार ते सोडणार नव्हतं, एवढंच. कायदा करताना संसदेच्या समितीने या जुन्या सोयीला घटस्फोटाचं अनुदान म्हटलं होतं. अनुदान तर अनुदान. वर्षाला साडेतीन हजार, बोलणी चालली होती नऊ वर्षांची, म्हणजे साडेएकतीस हजार डॉलर.

मी त्या पानाकडे बघत राहिले. माझा सगळा हिशोब एवढाच होता की, त्याचा फायदा म्हणजे माझा तोटा. ज्याच्याशी पाच महिने फक्त वकिलांमार्फत बोलत होते, त्याच्या आणि माझ्या बाजूला एकाच वेळी काही असू शकेल, हे डोक्यात शिरायला तयार नव्हतं.

रात्री आईला फोन करून उत्तर दिलं. "मी कर भरला की कमी लागतो. त्याने भरला की जास्त लागतो. म्हणून मी भरायचा."

"बरं," आई म्हणाली. पटलं नव्हतं. नंतर तिने मामाला विचारलं. मामा आयुष्यभर मुंबईत एका सीएकडे कामाला होते. त्यांनी सांगितलं की, आपल्याकडेही दरमहा मिळणाऱ्या पोटगीवर कर लागतो, एकरकमी घेतली तर नाही, १९८३ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल आहे. आणि आपल्याकडे देणाऱ्याला वजावटही नाही. झालं, दुसऱ्या दिवशी आईचा फोन. एकरकमी का घेत नाहीस? एकरकमी द्यायला त्याच्याकडे रोकड नव्हती, घर आणि रिटायरमेंटचं खातं होतं, हे तिला समजावण्यात आणखी एक आठवडा गेला.

आकडा ठरला तरी कागद ठरत नाही. अ‍ॅलिमनी म्हणून वजावट मिळायची तर त्यात काही गोष्टी असाव्याच लागतात. पैसे रोखीने किंवा चेकने द्यायचे, वस्तू देऊन चालत नाही. हुकुमानंतर दोघांनी एका छपराखाली राहायचं नाही, म्हणून त्याने ३० डिसेंबरला घर सोडायचं असं ठरलं. आणि घेणारीचा मृत्यू झाला की देणं थांबलं पाहिजे. ते वाक्य मसुद्यात मी तीनदा वाचलं. माझ्या मरणाची तरतूद माझ्याच करारात, आणि ती नसेल तर सगळं मुसळ केरात.

त्याच्या बाजूने एक कलम आलं होतं की, मुलगी अठरा वर्षांची झाली की रक्कम एक हजाराने कमी व्हावी. ऐकायला रास्त. पण मुलाच्या वयाशी बांधलेली कपात असेल तर आयकर खातं तेवढी रक्कम मुलाचा खर्च धरतं, आणि मुलाच्या खर्चावर वजावट कधीच नव्हती, ना जुन्या नियमात ना नव्या. म्हणजे ते कलम त्याच्याच मुळावर येणार होतं. वकीलबाईंनी ते दाखवल्यावर समोरून दोन दिवसांत ते नाहीसं झालं. मुलीचा खर्च वेगळा, राज्याच्या तक्त्याप्रमाणे ठरला. तिच्यासाठी मिळणारी करातली २,००० डॉलरची सूट एक वर्ष त्याने घ्यायची, एक वर्ष मी. त्याच्या वर्षी मी फॉर्म ८३३२ सही करून द्यायचा. या दोन हजारांवर आम्ही अ‍ॅलिमनीपेक्षा जास्त भांडलो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

घराचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी जवळजवळ फसले होते. कर्ज वजा जाता घरात आमचे साधारण १,८०,००० होते आणि त्याच्या ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या खात्यामध्येही जवळपास तेवढेच. मीच सुचवलं, त्याला घर, मला खातं. समान वाटलं. वकीलबाई म्हणाल्या, हे दोन आकडे एकाच भाषेतले नाहीत. घरातले पैसे कर भरून झालेले. ते विकताना एकट्या माणसालाही अडीच लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. ४०१-के मधला प्रत्येक डॉलर बाहेर काढताना उत्पन्न म्हणून कर मागतो. त्यातले १,८०,००० म्हणजे माझे १,४०,००० देखील नव्हेत कदाचित. शेवटी दोन्ही अर्धं अर्धं केलं. घर मी ठेवलं, त्याच्या वाट्यासाठी नव्याने कर्ज काढलं. खातं तोडायला न्यायालयाचा वेगळा हुकूम लागतो, त्याला सगळे 'क्वाड्रो' म्हणतात. त्यात एक खिडकी असते. त्या हुकुमाखाली थेट त्या खात्यातून पैसे काढले तर वय साडेएकोणसाठ नसलं तरी दहा टक्क्यांचा दंड लागत नाही, नुसता कर लागतो. आधी आयआरएत, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या रिटायरमेंट खात्यात वळवले की खिडकी बंद. मी वकिलांच्या बिलासाठी १२,००० तिथूनच काढले. हातात आले ९,६००, वीस टक्के तिथल्या तिथे कापून.

१९ डिसेंबर, बुधवार. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात एवढी गर्दी मी आधी कधी पाहिली नव्हती. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुम्ही पण टॅक्सवाले?" मी हो म्हटलं. वीस मिनिटांत झालं. करार वाचला का, समजला का, कुणी दबाव आणला का. समजला का, या प्रश्नाला मी जरा जास्तच ठामपणे हो म्हटलं असावं, कारण न्यायाधीश हसले.

तरी एक गोष्ट समजली नव्हती. पगारातून कर आपोआप कापला जातो, अ‍ॅलिमनीतून कुणी काही कापत नाही. २०१९ भर दर महिन्याला तीन हजार आले आणि मी ते सगळे माझेच धरले. हप्ता, मुलीचे दातांचे ब्रेसेस, एकदा भारतवारी. २०२० च्या मार्चमध्ये, बाहेर सगळं बंद होत असताना, विवरणपत्र भरायला बसले तर फेडरलचे साडेचार हजारांच्या आसपास देणं निघालं, राज्याचे वेगळे. पोटात गोळा आला. दंडातून वाचले, कारण आदल्या वर्षीच्या कराइतकी कपात पगारातून झाली होती. आणि साथीमुळे मुदत १५ जुलैपर्यंत वाढली म्हणून पैसे जमवता आले. पुढे दर तिमाहीला आगाऊ कर भरावा लागतो की काय, असं वाटत होतं, पण ऑफिसातल्या पगारवाल्या बाईंनी सोपी वाट सांगितली. नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-फोर नावाचा फॉर्म भरून पगारातूनच जादा कापून घ्यायचं. तेव्हापासून तसंच करते. विवरणपत्रात अ‍ॅलिमनीच्या खाली आता एक रकाना असतो, मूळ कराराची तारीख. दरवर्षी मार्चमध्ये मी तिथे १२/१९/२०१८ लिहिते. लग्नाची तारीख शेवटची कधी लिहिली होती ते आठवत नाही.

ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटणारी एक मैत्रीण २०२१ मध्ये याच वाटेने गेली. तिची अ‍ॅलिमनी नव्या नियमातली. कर नाही म्हणून ती निर्धास्त होती. मी तिला सांगितलं, फेडरलचा नाही, न्यू जर्सीचा आहे. राज्याने आपला नियम बदललेला नाही, इथे अजून देणाऱ्याला वजावट आणि घेणारीला कर. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे वकील पिवळं पॅड काढत नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत त्याची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या पाच-सहा घरांत हेच झालं. उन्हाळ्यात नवी मिळाली ती ९५,००० ची. माझा पगार तोवर ५८,००० झाला होता. त्याने रक्कम कमी करायला सांगितली, आणि त्याचं चूक नव्हतं. बोलून २,००० ठरले. मसुदा त्याच्या वकिलाने, यावेळी दुसऱ्याच, करून पाठवला. चार पानं. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं की, या बदललेल्या रकमेला २०१७ च्या कायद्याची तरतूद लागू राहील.

जुन्या करारात बदल केला तरी जुनाच नियम चालतो. नवा लागू व्हायला तसं स्पष्ट लिहावं लागतं. आणि इथे लिहिलं होतं, त्याच्याच वकिलाने, बहुधा कुठल्यातरी तयार नमुन्यातून उचलून. म्हणजे माझे २४,००० पूर्ण करमुक्त, आणि त्याची ५,२८० डॉलरची वजावट गेली. त्याला पत्ता नव्हता.

वकीलबाई म्हणाल्या, मसुदा त्यांचा आहे, निर्णय तुझा. पण उद्या ही नजरचूक होती म्हणून तो कोर्टात गेला तर पुन्हा माझी बिलं सुरू.

रात्री लेक झोपल्यावर मी विजेच्या बिलाच्या पाकिटावर मध्यावर रेघ ओढली. गप्प राहिले तर मला २४,०००, त्याच्या खिशातून २४,०००. ते वाक्य काढून महिना २,३०० केले तर माझ्या हातात कर जाऊन २४,२०० च्या वर, आणि त्याच्या खिशातून साडेएकवीस. दोघंही फायद्यात. पुन्हा तेच. पण त्याच्या डोक्यात २,००० जुन्या नियमाने बसले होते, वर्षाला पावणेएकोणीस हजार. त्याला मी आकडा वाढवतेय असंच दिसणार होतं.

तरी मेसेज केला. पान तीन, शेवटची ओळ वाच, आणि तुझ्या सीएला विचार. खाली २,३०० चा हिशोब.

तीन दिवस काही नाही. मग फोनच आला. पाच वर्षांत मुलीच्या विषयाशिवाय पहिला. "तू सांगितलं नसतंस तर मला एप्रिलमध्येच कळलं असतं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये," मी म्हटलं. तो २,१५० म्हणाला, मी २,३०० वरच. लेक मागे भांडी लावत होती आणि ऐकत नसल्याचं नाटक करत होती. २,२५० ला मिटलं. गप्प राहण्यापेक्षा माझे वर्षाला २४० डॉलर कमी, महिन्याचे वीस.

फोन ठेवल्यावर आकडा ओळखीचा का वाटतोय ते आठवलं. २,२५०. पिवळ्या पॅडवर २०१८ साली हाच आकडा बघून मी नाक मुरडलं होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अजून तूच कर भरतेस?"